उतारावरचा पहिला गिअर

ती घटना मला आठवावी लागत नाही. नोकरीतली बाकीची प्रकरणे मधूनमधून दूर जातात आणि कोणी विषय काढला की परत येतात. त्यांना आठवणी म्हणता येते. हे प्रकरण कधी दूर गेलेच नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यातला जीपचालक वारला, म्हणून लिहायला बसलो आहे. दिवसाला अर्धे पान होते, कधी तेवढेही नाही. नावे कोणाचीच देणार नाही.

मी तेव्हा पेणला सहायक निरीक्षक होतो. निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती. माझ्या टेबलाच्या खणात नेहमी एखादे पुस्तक असे, आणि माझ्या माघारी ठाण्यात मला 'मास्तर' म्हणत, हे मला माहीत होते. मला त्याचे वाईट वाटत नसे. उलट बरेच वाटे.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. दुपारी ठाणे अंमलदाराने निरोप दिला की धरमतर खाडीच्या काठच्या एका गावात होडी वर ओढताना जीप मागे आली आणि एक माणूस धक्क्याच्या भिंतीत दबला. मी हवालदाराला आणि दोन शिपायांना घेऊन निघालो.

त्या गावात धक्क्याला लागून सिमेंटचा एक उतार आहे. पावसाळ्याआधी लहान होड्या तिथूनच वर काढतात. काम साधे दिसते, पण नाजूक असते. जीप उलटी खाली न्यायची, मागची दोनचाकी ट्रॉली पाण्यात बुडवायची, होडी तरंगत ट्रॉलीवर घ्यायची, दोराने आवळायची आणि पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, हळूहळू वर चढायचे. उताराच्या खालच्या भागावर शेवाळ असते. तिथे जीपची चाके जागच्या जागी फिरतात, आणि मग मध्येच थांबून चाकांखाली वाळू नाहीतर गोणपाट टाकावे लागते.

थांबण्याचीही तिथली एक रीत आहे. हँडब्रेकवर कोणाचा भरवसा नाही; खाऱ्या पाण्यात भिजून त्याची तार गंजते. म्हणून इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि ट्रॉलीच्या चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा. गाडी गिअरने आणि ठोकळ्याने, दोघांनी मिळून, धरलेली राहते. चालक गिअर टाकला की ओरडतो, "पडला!" ठोकळेवाला ठोकळा बसवून ओरडतो, "लागला!" या दोन हाका झाल्याशिवाय चालक ब्रेकवरचा पाय काढत नाही.

जीपचालक त्याच गावातला होता. ठोकळेवाला त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. किती तरी वर्षे दोघे मिळून गावातल्या आणि आसपासच्या होड्या वर काढत होते. त्या दिवशीची होडी मात्र मुंबईच्या एका शेठची होती. शेठचे गावाबाहेर फार्महाऊस होते, जीपही त्यांचीच, आणि हा त्यांच्याकडे चालक म्हणून कामाला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा मेहुणा गेला होता. भिंत आणि ट्रॉली यांच्यामधून गावकऱ्यांनी त्याला काढून वर ठेवले होते. त्याची बहीण, म्हणजे चालकाची बायको, शेजारी बसली होती. दोघी-तिघी बायका "उठ गो, उठ" म्हणत तिला धरून होत्या. चालक थोडा लांब, हातात वाळूची गोण घेऊन उभा होता. ती खाली ठेवायचे कोणी त्याला सांगितले नव्हते.

जीपचा मागचा अर्धा भाग पाण्यात आणि चिखलात होता. भरती सुरू झाली होती. हवालदार पँट गुडघ्यापर्यंत दुमडून म्हणाला, "साहेब, उतरू का? गाडी आतनं बघून घेतो."

मी म्हणालो, "राहू दे. बॉडी आधी रुग्णालयात पाठव. गाडी क्रेनने वर घेऊ, मग सावकाश बघू. नाहीतर भरतीत जाईल."

नियम असा आहे की आधी पाहायचे, लिहायचे आणि मग हलवायचे. हा नियम मी नव्या शिपायांना शिकवत असे. पण चिखल मांडीपर्यंत होता, पाणी चढत होते आणि मला वाटले, अपघातच तर आहे. पेणहून क्रेन आली. क्रेनवाल्याने जीप ओढून रस्त्यावर आणून ठेवली. मी दोन पंचांसमोर दार उघडले आणि घटनास्थळ पंचनाम्यात लिहिले : 'वाहनाचा गिअर न्यूट्रल स्थितीत आढळला.' खाली पंचांच्या सह्या आणि माझी सही.

चालकाने पहिल्याच जबाबात सांगितले होते, "चाकं फिराय लागली म्हनून थांबलो. पयला गिअर टाकला, पडला म्हनून हाक मारली. त्यानं लागला म्हनून सांगितला. मंग उतरून वाळू आनाय गेलो. पाठ होती माजी. आवाज आला तवा वळलो."

शेठ म्हणाले की ते उताराच्या वर उभे होते आणि गाडी आपोआप मागे गेली. त्यांची पँट ओली होती. जखमीला काढायला खाली धावलो, असे त्यांनी सांगितले, आणि ते खरेही होते. गावकऱ्यांनी त्यांना धावताना पाहिले होते.

परिवहन विभागाच्या निरीक्षकाने जीप तपासली. ब्रेक ठीक होते. हँडब्रेक निकामी होता, पण त्या गावात तो सगळ्यांचाच निकामी असतो. मग उरले काय? गिअर न्यूट्रलला होता. एकट्या ठोकळ्याने शेवाळावर एवढे वजन धरले नाही. चालक गिअर टाकायला विसरला. माझ्या मनात प्रकरण दुसऱ्या दिवशीच पुरे झाले होते.

चौथ्या दिवशी खबर आली. ती घेऊन आली मिठागरावर काम करणारी एक म्हातारी. ती पेणच्या बाजाराला येई तेव्हा हवालदार तिच्याकडून कोळंबी घेत असे. ठाण्याच्या पायरीवर टोपली ठेवून ती बसली.

हवालदार म्हणाला, "मावशे, आज कोळंबी नाय काय?"

"तुला कोलंबी पायजे का खबर पायजे? आन आदी पानी पाज. उन्हातानाची आलंय मी."

पाणी पिऊन झाल्यावर ती माझ्याकडे वळली. "साहेब, त्यो मुंबयवाला जीपमंदी चढला होता. टोपीवाला. मी बांधावरशी बघितला."

"कोणत्या बाजूला बसले?"

"आतमंदी."

"आत कुठे? स्टेअरिंगच्या मागे की पलीकडे?"

"मी कवा जीपमंदी बसलंय? मना काय म्हाईत कनची बाजू! होडी आडवी होती. टोपी चढली येवडाच दिसला. मंग गाडी गेली."

"हाका ऐकल्या का?"

"दोनी आयकल्या. पडला, लागला. त्यांची रोजचीच हाय ती. हाका झाल्यावं मंग टोपी चढली."

मी शेठना बोलावले. ते शांतपणे म्हणाले, "हो, ऊन होतं म्हणून दोन मिनिटं डावीकडच्या सीटवर बसलो. पाण्याची बाटली घेतली आणि उतरलो. गाडी त्यानंतर गेली."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"महत्त्वाचं वाटलं नाही."

इथे मला थांबायला हवे होते. जबाबात राहून गेलेली गोष्ट बहुधा महत्त्वाचीच असते, हे तीस वर्षांच्या नोकरीत मला कळलेले होते. पण माझ्याकडे पंचनामा होता. म्हातारीला बाजू सांगता येत नव्हती. आणि शेठ नीट, माझ्यासारखेच बोलत होते. हे शेवटचे कारण लिहायला मला चार दिवस लागले.

ते गेल्यावर हवालदार दारात रेंगाळला. "साहेब, बाकी काय बी असंल, पन गिअर टाकायचा त्यो विसरायचा नाय. आपन घरात जाताना चप्पल काडतो ना, तसा हाय त्याचा."

"पंचनामा काय म्हणतो?"

"न्यूट्रल म्हनतो."

"मग?"

"मंग काय नाय साहेब," असे म्हणून तो निघून गेला.

आता चौकशीबद्दल लिहायचे. मी आरोपीवर कधी हात उचलला नाही. आरोपीला मी 'तुम्ही' म्हणायचो, खुर्ची द्यायचो, चहा मागवायचो. शेजारच्या खोलीत दुसऱ्या पद्धतीने काम चालायचे तेव्हा मी दार लावून घ्यायचो आणि स्वतःला वेगळा समजायचो. बोलून बोलून माणसाकडून खरे काढता येते, यावर माझा विश्वास होता. चालकाला मी दोन दुपारी समोर बसवले. पहिल्या दुपारी तो ठाम होता. दुसऱ्या दुपारी मी विचारले,

"हाक मारलीत, हे आठवतंय?"

"व्हय."

"आणि गिअर टाकला, हे?"

"टाकला म्हनून तर हाक मारली ना साहेब."

"तसं नाही. हात दांड्यावर गेला, दांडा पुढे सरकला, हाताला कळलं. हे त्या दिवसाचं आठवतंय, की रोजचं आठवतंय?"

 तो उजव्या हाताचा पंजा मांडीवर उघडा ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. जीपचा दांडा डाव्या हाताला असतो हे ध्यानात आल्यावर त्याने डावा हात उघडला.

"रोज टाकतंय साहेब."

"मी त्या दिवसाचं विचारतोय."

"त्या दिवशी... शेठ घाई करत होतं. भरती चढंल म्हनत होतं."

"म्हणजे लक्ष घाईकडे होतं."

"व्हय."

"हाक सवयीने तोंडातून निघते. निघते की नाही?"

"निघते."

"आम्ही दार उघडलं तेव्हा गिअर न्यूट्रलला होता. दोन पंचांनी बघितलं, मी बघितलं. मी कशाला खोटं बोलेन?"

"तुमी कशाला बोलाल साहेब." मग अगदी हळू, घरातल्या मोठ्या माणसापुढे माघार घ्यावी तसे, तो म्हणाला, "नसंल टाकला मंग."

मी लिहू लागलो. तो पुढे म्हणाला, "म्हंजी मीच मारला त्याला."

मी त्याला पाणी दिले. मला खरोखर त्याची दया आली. स्टेशन डायरीत मी नोंद केली की आरोपीने चूक मान्य केली. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे मला माहीत होते. पण ती न्यायालयाबाहेर किती चालते, हे माहीत नव्हते.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको बसली होती. तिला कोणी तरी सांगायलाच हवे होते, आणि ते मी सांगितले. माझ्याच तोंडाने सांगणे मला सभ्यपणाचे वाटले.

"बाई, त्यांच्याकडून गिअर टाकायचा राहिला. मुद्दाम नाही. चूक झाली."

तिने विचारले, "त्यो सोता बोल्ला?"

"हो. स्वतः."

जामिनावर सुटून तो घरी गेल्यावर तिनेही त्याला विचारले, आणि त्याने तिला तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी ती निडीकडे माहेरी निघून गेली. भांडण झाले नाही. शेजारच्या बायकांनी सांगितले, तिने त्याचा स्वयंपाक करून ठेवला आणि गाडी पकडली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचे दोषारोपपत्र मी वेळेत दाखल केले. चालकाने पुन्हा स्टेअरिंग धरले नाही. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात तो साचे उचलायला लागला.

पुढे पाच-सहा महिन्यांनी महामार्गावर एक गाडी खड्ड्यात गेली. कोणाला लागले नव्हते. तीच क्रेन आली, तोच क्रेनवाला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होतो. त्याने साखळी लावली, मग गाडीचे दार उघडले, आत वाकला, हात घातला आणि परत येऊन क्रेन चालू केली.

मी हाक मारली. "थांब. आत काय केलंस?"

"न्यूट्रल केली साहेब."

"का?"

तो माझ्याकडे बघून हसला, शाळेतल्या पोराला समजवावे तसा. "गिअरमंदी असताना वढली तर चाकं फिरत नाय. जबरदस्ती केली तर गिअरबॉक्स जायाचा. आमची पयली गोष्ट तीच, न्यूट्रल करायची."

मी जवळ गेलो. "खाडीवरची ती जीप... त्या दिवशीही केली होतीस?"

"केली ना. ती कशी इसरंन? पयला लई घट्ट अडकला होता. कमरेयेवड्या चिखलात उबा राहून दोन हातांनी काडला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारला नाय साहेब."

मी त्याचा पुरवणी जबाब त्याच दिवशी नोंदवला. पंचनाम्यातले माझे वाक्य अक्षरशः खरे होते आणि पूर्ण खोटे होते. गिअर न्यूट्रलला आढळला होता, कारण आम्ही बघायच्या आधी क्रेनवाल्याने तो न्यूट्रल केला होता. चालक विसरला नव्हता. मग गाडी का गेली? इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, ठोकळा लावलेला. अशा गाडीची पकड एकाच गोष्टीने सुटते : कोणी तरी क्लच दाबून चाके इंजिनापासून सोडवली तर.

वरिष्ठांकडून पुढील तपासाची परवानगी घेतली आणि शेठना पुन्हा बोलावले. मी त्यांना एवढेच सांगितले, "जीप पहिल्या गिअरमध्ये होती. क्लच दाबल्याशिवाय ती हलली नसती."

ते एकदम चिडले. "मी क्लचला पाय लावलेला नाही! मी उलट ब्रेक दाबून—"

आणि थांबले. 

मग त्यांनी सांगितले. ऊन होते म्हणून ते चढले हे खरे होते, पण चालकाच्या सीटवर. गाडी उतारावर, खाली माणूस उभा. सुरक्षित असावे म्हणून त्यांनी ब्रेक दाबून धरला. गाडी सरकू लागली तशी आणखी जोरात दाबला. गाडी थांबेना. त्यांनी उडी मारली. "ब्रेक फेल होता," ते म्हणाले. "मी शपथेवर सांगतो."

"मुंबईत तुम्ही कोणती गाडी चालवता?"

"ऑटोमॅटिक. दहा-बारा वर्षं तीच."

मी त्यांना ठाण्याच्या आवारात नेले. आमची जीप उभी होती, सपाटीवर, इंजिन बंद. हवालदार दाराशी उभा राहिला. मी म्हणालो, "बसा. त्या दिवशी दाबलात तसा ब्रेक दाबा."

ते बसले, समोर पाहिले आणि उजव्या पायाने डावीकडचे रुंद पेडल शोधावे तसा पाय टाकून अगदी डाव्या टोकाचे पेडल तळाशी दाबून धरले. ऑटोमॅटिक गाडीला दोनच पेडल असतात, आणि त्यांतले डावे ब्रेकचे असते.

हवालदार खाली वाकून हळूच म्हणाला, "शेठ, त्यो क्लच हाय."

त्यांनी पाय काढला नाही. किती तरी वेळ तसेच दाबून बसले. मला वाटते, तोपर्यंत त्यांनाही खरोखर माहीत नव्हते. चढलो हे त्यांनी लपवले होते; मारले हे लपवले नव्हते, कारण ते त्यांना कळलेच नव्हते. त्या माणसाचा राग करायला मी पुष्कळ प्रयत्न केला. जमला नाही, कारण तो राग दरवेळी दुसरीकडे वळायचा.

मी निडीला गेलो. चालकाच्या बायकोला अंगणात बसून सगळे समजावून सांगितले : क्रेन, न्यूट्रल, क्लच. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तवा बी तुमीच आल्तांव साहेब, त्यानं टाकला नाय म्हनून सांगाया. आता म्हनतांव टाकला. त्याला मी सोता इचारला. त्याच्या तोंडचा आयकलंय मी, मीच मारला म्हनून. आता तुमच्या तोंडचा कसा मानू?"

"ते मीच त्यांच्या डोक्यात घातलं होतं," मी म्हणालो.

"मंग काडा तुमीच."

मी चालकाकडे गेलो. कारखान्यात तो साच्यांना तेल लावत होता. सगळे ऐकून घेतल्यावर त्याचा चेहरा उजळेल असे मला वाटले होते. तो फक्त मान हलवत राहिला.

"म्हणजे तुम्ही गिअर टाकला होता. तुमची काही चूक नाही."

"असंल साहेब."

"असेल नाही, होता."

"तवा बी तुमी असाच समजावून सांगितला होता," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "मी रोज हात फुडं करून बघतंय. हात जातो. पन त्या दिवशी गेला का, त्यो सांगत नाय."

आता पुढचे लिहायचे म्हणजे मला स्वतःला पुन्हा त्या टेबलामागे बसवावे लागते. पुरवणी दोषारोपपत्रासाठी त्याचा नवा जबाब हवा होता. तो आता आरोपी राहणार नव्हता, साक्षीदार होणार होता. मी त्याला ठाण्यात बोलावले आणि विचारले, काय आठवते?

"काय बी आठवत नाय. तुमी लिवा, मी सही करतंय."

आणि मी लिहिले. 'मी पहिला गिअर टाकला होता, हे मला पक्के आठवते.' मी ते त्याच्या भल्यासाठी लिहिले. पहिल्या वेळीही मी कोणाच्या वाईटासाठी लिहिले नव्हते. त्याने सही केली.

चालकाला आरोपातून मुक्त केले गेले. शेठवरचा खटला उभा राहीपर्यंत मी निवृत्त होऊन रोह्याला राहायला आलो होतो. साक्षीचे समन्स आले तेव्हा गेलो. मिठागरावरची म्हातारी तोवर वारली होती. क्रेनवाल्याला वकिलांनी विचारले की महिन्याला किती गाड्या ओढता, प्रत्येकीचा गिअर सांगता येईल का, तो गोंधळला. चालक पिंजऱ्यात उभा राहून "आठवत नाय" एवढेच म्हणाला. मग माझी पाळी आली.

"हा पंचनामा तुमच्या हस्ताक्षरात आहे?"

"हो."

"गिअर न्यूट्रल, असं लिहिलंय?"

"हो."

"चौकशीतला आणि नंतरचा पुरवणी, चालकाचे हे दोन्ही जबाब तुम्हीच घेतलेत?"

"हो."

"एकात गिअर टाकला नाही. दुसऱ्यात टाकला. यातला खरा कोणता, तपास अंमलदारसाहेब?"

दुसरा, असे मी म्हणालो. पण तेही पूर्ण खरे नव्हते. दोन्ही माझेच होते. शेठ संशयाचा फायदा मिळून सुटले. बाहेर व्हरांड्यात ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले, काही बोलायचे होते बहुतेक. मग वकिलांनी हाक मारली आणि ते गेले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे निवृत्तीच्या कार्यक्रमात कोणी विचारले असते तर मी पंचनाम्याबद्दल बोललो असतो : आधी बघा, मग हलवा, चिखलात उतरावे लागले तरी उतरा. ते खरे आहेच. पण शेजारच्या खोलीतल्या मारहाणीचे वळ डॉक्टरला दाखवता येत होते, तिची तक्रार करता येत होती. माझ्या खोलीतून चहा पिऊन बाहेर पडलेल्या माणसाला तक्रार कशाची करायची हेही कळत नव्हते. मी त्याच्याकडून खरे काढून घेतले, असे मला वाटले. मी त्याची आठवणच काढून घेतली होती, आणि पुढे परत द्यायला गेलो तेव्हा तीही माझ्याच हस्ताक्षरात होती.

दोन महिन्यांपूर्वी तो गेला. यकृताचे काही झाले होते. शेवटची वर्षे तो एकटाच राहिला. दहाव्याला मी गेलो. त्याची बायको आली होती. माझ्याकडे तिने एकदा पाहिले आणि बायकांत जाऊन बसली.

त्यानंतर आठवड्याभराने ती रोह्याला माझ्या दारात आली. आत ये म्हटले तर आली नाही. "त्यो क्रेनवाला कुठं ऱ्हातो?" एवढेच विचारले. पेणला रस्त्यालगत त्याचे गॅरेज आहे, मी सांगितले. मी बरोबर येतो, म्हणालो.

"नको साहेब. एकलीच जातंय."

परवा ती पुन्हा आली. या वेळी ओट्यावर टेकली.

"भेटला," ती म्हणाली. "मी कोन, काय, सांगितला बी नाय आदी. खाडीतली जीप म्हनली, तर त्यानंच सांगाया घेतला. चिखलात कसा उबा ऱ्हायला, गिअर कसा अडकलेला, दोनी हातांनी कसा वढला, सगला माज्यापुढं करून दाखवला." तिने स्वतःचे दोन हात धरून ओढल्यासारखे केले आणि ते मांडीवर ठेवले. "मना पटला."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"साहेब, यो मानूस तवा बी पेणलाच होता ना?"

"हो."

"निडीला आल्तांव तवा तुमी येकलंच कशाला आल्तांव? त्याला का नाय आनला? आमच्या दोगांच्या फुडं येकदा उबा केला असता तर..."

तिने वाक्य पुरे केले नाही. माझ्याकडे बघत वाट पाहत राहिली. तिला उत्तर हवे होते, आणि माझ्याकडे जे होते तेच मी दिले. म्हणालो, त्याचा जबाब मी फाइलला लावला होता.